कारवानी हरण्याला सोलापुरात मोकळं कुठं सोडायचं?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार, आमच्याकडं दीड वर्षाचा कारवानी कुत्रा आहे, हरण्या नाव. सांगोल्याकडच्या मामांनी पिल्लू असताना दिला. आम्ही जुळे सोलापूरला रो हाऊसमध्ये राहतो. सकाळ-संध्याकाळ फिरवते पण त्याचं समाधानच होत नाही, घरी येऊन परत गोल गोल पळतो, सोफा फाडला. मागं एकदा समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सोडला तर शेजारच्या काकांच्या गाडीमागं लागला, ते पडता पडता वाचले, तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत. बागेत वॉचमन आत घेत नाही, गल्लीतली कुत्री घेरतात. सासरे म्हणतात रविवारी नान्नजकडं माळावर नेऊ, मनसोक्त पळेल. नणंद हैदराबादला असते, तिकडं कुत्र्यांची वेगळी बाग आहे म्हणे. आपल्याकडं काय सोय आहे? आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दारूकामाला याचं काय करायचं, मागच्या वर्षी पलंगाखालून निघालाच नाही. – हरण्याची आई"

हरण्याची आई,

नणंदबाई म्हणतात ती बाग खरी आहे. कोंडापूरला हैदराबाद महापालिकेनं 2018 मध्ये केली, सव्वा एकराच्या आसपास जागा, आधी तिथं कचरा टाकला जायचा. लहान कुत्र्यांना वेगळं, मोठ्यांना वेगळं. तशी जागा सोलापुरात अमुक ठिकाणी आहे असं बोट दाखवून मी तुम्हाला सांगू शकत नाही, पण हरण्याची सोय होणारच नाही असंही नाही. फक्त एक गोष्ट आधी मनात पक्की करा, कारवानीला मोकळं सोडायची जागा म्हणजे कुंपण असलेली जागा. मोकळं मैदान नाही, रिकामा प्लॉट नाही, माळ तर अजिबात नाही. चहूबाजूनं भिंत किंवा जाळी असेल तरच पट्टा काढायचा, नसेल तर दोर हातात. यात मी तडजोड सांगणार नाही.

का सांगते बघा. लॅब्रेडॉर किंवा गावठी कुत्रं वासावर चालतं, नाक जमिनीला लावून, मध्येच थांबतं, मागं वळून बघतं की आपली माणसं येतायत का. कारवानी आणि त्याचा कर्नाटकातला भाऊबंद मुधोळ ही नजरेवर शिकार करणारी जात. पिढ्यानपिढ्या सशामागं पळवायला पाळलेली. लांब काहीतरी हललं की बास. तुम्ही हरण्याकडं नीट बघा एकदा, समोर काही दिसलं की आधी मान वर जाते, कान मागचे पुढं येतात, शेपटी हलायची थांबते, एक पुढचा पाय किंचित उचलला जातो, आणि अंग असं ताठ होतं की पाठीवर हात ठेवला तर आतून थरथर लागते. हे सगळं दोनेक सेकंदांत होतं. त्या दोन सेकंदांत हाक मारली तर मारली, एकदा पाय सुटले की मग तुमचा आवाज त्याच्या कानात शिरतच नाही. तो आगाऊपणा करत नाहीये, त्याचं डोकं त्या वेळी फक्त डोळ्यांत असतं. काकांची गाडी हलली, तो पळाला. आणि तुमच्यापासून विजापूर रोड किती लांब आहे? कारवानीला ते अंतर काहीच नाही, आणि त्या रोडला दिवसरात्र ट्रक चालू असतात.

म्हणून पहिलं काम पट्ट्याचं. दुकानातला साधा गळपट्टा या जातीला चालतच नाही, कारण यांची मान डोक्यापेक्षा जाड, डोकं निमुळतं. घाबरला आणि मागं सरकला की पट्टा कानांवरून अलगद निघून येतो आणि तुमच्या हातात नुसता दोर राहतो. गल्लीतली कुत्री घेरतात म्हणताय, नेमकं तेव्हाच हे होतं. याला रुंद, ओढला की थोडा आवळणारा पट्टा लागतो, मार्टिंगेल म्हणतात त्याला, ऑनलाइन सहज मिळतो. आवळल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत, जास्त नको. शिवाय छातीवरून बसणारं हार्नेस घ्या, छाती खोल आणि कंबर बारीक असल्यामुळं मापं घेऊनच घ्या, अंदाजानं आणलेलं सैल होतं आणि तो त्यातनंही मागं निसटतो.

दुसरं काम लांब दोर. बैलाचा कासरा असतो तसा सुती दोर दोरखंडाच्या दुकानातून दहा मीटर घ्या, नायलॉनचा नको, तो हातातून सरकला की तळवे सोलून निघतात. हा दोर नेहमी हार्नेसला बांधायचा, गळ्याला कधीच नाही, कारण दहा मीटर पळून गळ्याला हिसका बसला तर मानेला इजा होते. बटण दाबून लांब होणारे ते पट्टे मिळतात ना, ते पण या कुत्र्याला नको, पातळ दोरी आणि प्लास्टिकची मूठ, एका झटक्यात हातातून जाते आणि मग तीच मूठ खडखडत मागं येते म्हणून कुत्रं अजून घाबरून पळतं.

आता फिरवायचं कुठं. तुमच्या भागातनं धर्मवीर संभाजी तलाव जवळ, म्हणजे आपला कंबर तलाव. तिथं दोर आखूड धरून, गर्दी व्हायच्या आधी, कडेकडेनं न्यायला हरकत नाही, पण पाण्यात उतरू देऊ नका आणि ते पाणी पिऊ देऊ नका, पाण्याची बाटली आणि एक वाटी घरून न्या. पक्षी असतात काठाला, ते उडाले की हरण्या उडणार, तेव्हा दोर मनगटाला एक वेढा मारून नको, हातात मूठ करून धरा, वेढा मारलेला हात ओढला गेला तर मनगट निखळतं. सिद्धेश्वर तलावाकडं नेऊ नका, तिथं लोक दर्शनाला येतात, लहान पोरं, म्हातारी माणसं, फुलं प्रसाद घेऊन चाललेली, त्यांना या उंच कुत्र्याची धास्ती वाटणार आणि ते बरोबरच आहे. होम मैदानावर क्रिकेट चालू असतं, चेंडू पळाला की संपलं. हिप्परग्याच्या तलावाला थंडीत बाहेरनं पाहुणे पक्षी येतात, तिथं कुत्रं न नेलेलंच बरं. खरं सांगू का, हरण्याला रोज नवीन जागेची गरज नाही. जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवर, जिथं अजून अर्धे प्लॉट रिकामे आहेत, तिथं पहाटे दोर लांब सोडून त्याला सावकाश वास घेऊ द्या. चाळीस मिनिटं भरभर चालवण्यापेक्षा वीस मिनिटं त्याच्या मनानं हुंगू दिलं तर तो जास्त दमतो. हे लोकांना पटत नाही पण करून बघा.

वेळेचं मात्र आपल्या गावात कडक पाळावं लागतं. मार्चपासून जूनपर्यंत सकाळी साडेसहाच्या आत घरी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा 42-43 ला जातो, आणि संध्याकाळी सातला हवा बरी वाटली तरी डांबर अजून तापलेलं असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा, सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पाय पण भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते गार होतं. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर उन्हाचा झटका समजायचा, लगेच सावलीत घेऊन पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि ओल्या अंगानंच डॉक्टरांकडं पळायचं. घरी बसून वाट बघू नका. कारवानीच्या अंगावर केस कमी म्हणून त्याला ऊन चालतं असा समज आहे, इतरांपेक्षा बरं सोसतो एवढंच, आणि पळायला लागला की स्वतः थांबत नाही हा त्याचा धोका. उलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे याला खरंच थंडी वाजते, जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा पोटाखालून बांधून द्या, मस्त बसतो.

सासऱ्यांचं नान्नजचं. त्यांचा हेतू चांगला आहे, गावाकडं कारवानी माळावरच पळवायचे, त्यांनी तेच बघितलंय. पण त्यांना शांतपणे सांगा की नाही न्यायचं. तो भाग 1979 पासून माळढोक अभयारण्य आहे, माळढोक आता दिसणं मुश्किल झालंय, पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, कोल्हे आहेत. काळवीट उठलं की हरण्या त्याच्या मागं जाणार हे ठरलेलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसती बंदूक नाही, जनावराच्या मागं कुत्रं घालणं पण शिकारीतच धरतात, आणि काळवीट सगळ्यात कडक संरक्षणात आहे. "आम्ही नुसतं फिरायला आणलं होतं" हे तिथं कोणी ऐकत नाही. शिवाय उन्हाळ्यात गाभण काळविटीणीला दोन किलोमीटर पळवलं तर ती नंतर मरू पण शकते, कुत्र्यानं दात लावला नसला तरी. आणि कुत्र्यांकडून लांडग्यांना रेबीज, डिस्टेंपर असले रोग जातात हे पण आहे. अभयारण्याच्या बाहेरचा माळ तरी कुठं रिकामा असतो, धनगरांची मेंढरं असतात, त्यांची राखणीची कुत्री असतात, ती हरण्याला जिवंत सोडणार नाहीत. तेव्हा माळ नकोच.

मग पळायचं कुठं, तर याचं उत्तर तुमच्या घराच्या आसपासच आहे. जुळे सोलापूरला, सैफुलकडं, कंपाउंड वॉल घालून ठेवलेले कितीतरी प्लॉट आहेत, मालक पुण्याला नाहीतर बाहेर. एखाद्या मालकाचा नंबर शेजारून मिळवा आणि सरळ विचारा, रोज सकाळी अर्धा तास कुत्रं पळवू देता का, बदल्यात गवत काढून ठेवतो, कोण कचरा टाकत असेल तर लक्ष ठेवतो. प्लॉट सांभाळला जातोय म्हणून बरेच जण हो म्हणतात. भिंत सहा फूट तरी पाहिजे, कारवानी त्याहून कमी भिंतीवरून सहज उडी मारतो. गेटखालची फट विटा लावून बंद करा. पहिल्या दिवशी तुम्ही एकट्या आत जाऊन पायाखाली बघत पूर्ण फेरी मारा, फुटक्या बाटल्या, तारा, बोरीचे काटे, बोअरचा उघडा पाइप, कडेला दगडांचा ढीग असेल तर साप. गाजर गवत उपटून टाका, हातमोजे घालून, त्यानं माणसाला पण अंगावर उठतं. पावसाळ्यानंतर परत एकदा सगळं बघायचं, आणि घरी आल्यावर कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचे, गोचीडतापानं चांगली चांगली कुत्री जातात.

आत गेल्यावर नुसतं सोडून मोबाईल बघत बसू नका. लांब काठीला दोरी, दोरीच्या टोकाला चिंधी बांधा आणि जमिनीला लगत गोल फिरवा. कारवानीचं मन भरायचं असेल तर हेच. दहा मिनिटांत तो असा दमतो की घरी जाऊन तंगड्या वर करून झोपतो, सोफा वाचतो. चिंधी उंच उडवायची नाही, उड्या मारून सांधे दुखावतात, आणि शेवटी त्याला चिंधी पकडू द्यायची, कधीच हाती लागली नाही तर तो चिडचिडा होतो. याच प्लॉटमध्ये हाकेला यायचं शिकवा. आपल्याकडं घराघरात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं चालतं, प्रत्येकजण वेगवेगळी हाक मारतो, तसं नको, सगळ्यांनी मिळून एकच हाक ठरवा. हाक मारायची आणि आपण उलट्या दिशेनं पळायचं, तो मागं येतोच, आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा नाहीतर अंडं, आणि लगेच परत सोडायचा. हाक मारली की खेळ संपतो असं त्याच्या डोक्यात बसलं तर तो येणंच बंद करतो. उशिरा आला म्हणून कधी ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच. तरीपण हे लक्षात असू द्या, हाक कितीही पक्की झाली तरी भिंतीबाहेर दोर सोडायचा नाही.

तुमच्या आसपास अजून चार-पाच कुत्रेवाले असतीलच, पहाटे दिसतात सगळे. त्यांना प्लॉटवर घ्या. पण पहिली भेट भिंतीबाहेर, दोन्ही कुत्री दोरावर, एकाच दिशेनं शेजारी शेजारी चालवून, मग आत. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा छोट्या कुत्र्यांची वेळ वेगळी ठेवा, पळणारं छोटं पांढरं काहीतरी दिसलं की हरण्याला तो ससाच वाटणार, आणि अशा वेळी जे होतं ते भरून येत नाही. गेटला आतून अजून एक जाळीचं दार बसवता आलं तर फार उत्तम, एक उघडं असताना दुसरं बंद. रेबीजचं आणि बाकीची लसीकरणं झालेलीच कुत्री आत, कार्ड बघूनच. घाण ज्याची त्यानं उचलायची, जुना पेपर आणि पिशवी खिशात.

हे नीट चाललं की तुमच्यासारखी आठ-दहा घरं सह्या करून महापालिकेत अर्ज देऊ शकतात. मोठ्या लेआउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, त्यातल्या कितीतरी नुसत्या पडून आहेत, त्यातल्या एका कोपऱ्याला जाळी मारून द्या म्हणून नगरसेवकांना भेटा. हैदराबादच्या बागेचे फोटो नणंदेकडून मागवून अर्जाला जोडा. मागताना नुसतं कुत्र्यांच्या बाजूनं बोलू नका, कुत्री तिथं गेली की बाकीच्या बागा, पोरांची खेळायची जागा स्वच्छ राहते हे सांगा. आणि बागेतल्या वॉचमनशी वाद घालू नका, तो वरून सांगितलेलं करतोय. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांमध्ये बागांबाबत सरसकट बंदीऐवजी वेळा ठरवून द्या असं आहे, ते अर्जात लिहा, तिथं उपयोग होईल.

आता काका. ताई, यात काकांचं बरोबर आहे. त्या वयात गाडीवरून पडले असते तर खुब्याचं हाड गेलं असतं, आणि आपलं जनावर आवरलं नाही म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली तक्रार पण होऊ शकते. तुम्ही आणि मिस्टर दोघं त्यांच्या घरी जा, हरण्याला न घेता. माफी मागा, नवीन पट्टा, हार्नेस घेतलंय, आता गल्लीत तो कधीच मोकळा दिसणार नाही असं सांगा, आणि मग तसं वागा. लगेच बोलायला लागतील असं नाही. महिनाभर रोज दोरावर दिसला की आपोआप होईल. लसीचं कार्ड दाखवा, महापालिकेच्या परवान्याची चौकशी करून तो पण काढून ठेवा. कधी कोणाला ओरखडा जरी आला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सिव्हिलला न्यायचं, कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून ते टाळायचं नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांचं एवढंच, की ती त्यांची हद्द राखतात. पळालात की मागं लागतात, आणि हरण्या पळाला तर सगळी मिळून. तुम्ही हरण्या आणि त्यांच्या मधे राहा, न थांबता, न वळता, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं थोडं वळण घेऊन पुढं चला, हातात खाऊ नको. त्यांना रोज खायला घालणारं कोणीतरी असतं, त्यांच्याशी ओळख करून घ्या, खाऊ घालायची वेळ आणि जागा तुमच्या फिरण्यापासून वेगळी करता येते. कानाला कट मारलेला असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते, ती बहुतेक भांडणात कमी शिरतात. हरण्याची नसबंदी केली नसेल तर डॉक्टरांशी बोला, दीड वर्षाचा नर म्हटल्यावर बाकीचे नर त्याला बघूनच अंगावर येतात.

राहिलं दारूकाम. संक्रांतीच्या आठवड्यात त्या दिवशी त्याला दुपारीच प्लॉटवर भरपूर पळवून, जेवण लवकर देऊन, आतल्या खोलीत ठेवा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा नाहीतर टीव्ही मोठ्यानं चालू. पलंगाखाली जातो म्हणताय, जाऊ द्या, ओढून बाहेर काढू नका, उलट तिथंच त्याची गोधडी टाकून ठेवा आणि घरातल्या एकानं त्याच्या जवळ बसायचं, गड्ड्याला बाकीचे जातील. कुरवाळल्यानं भीती वाढते असं काहीजण म्हणतात, तसं काही नसतं, हात ठेवावासा वाटला तर ठेवा. फारच घाबरत असेल, थरथर थांबत नसेल, तर आधी दोन-तीन आठवडे डॉक्टरांना भेटा, यावर औषधं आहेत, मनानं कुठलीही गोळी देऊ नका. आणि फोन नंबर कोरलेला बिल्ला त्याच्या गळ्यात आजच घाला, गड्ड्याची वाट बघू नका, आवाजाला घाबरून पळालेली कुत्री कुठल्या कुठं जातात आणि नंबर असला की कोणीतरी फोन करतं. बाहेरच्या दाराला त्या दिवशी आतून कडी, आणि पाहुण्यांना फोनवर आधीच सांगून ठेवा की बेल वाजवली तरी दार उघडायला वेळ लागेल.